कव्वालीच्या कॅसेटवर खेळ

जपानमध्ये १९९४ साली आयवा कंपनीने सीडी-कॅसेटचा स्टिरिओ आणि सेगाचा व्हिडिओ गेम एकाच यंत्रात आणला. आज ते यंत्र दुर्मीळ आहे. पण गाणे आणि खेळ यांचे सख्य त्याहून जुने. ब्रिटनमध्ये १९८२ साली निघालेल्या स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाचे खेळ साध्या कॅसेटवर येत. टेप लावली की तिची किरकिर तारेतून संगणकात जाई आणि पडद्यावर खेळ उभा राही. पुढे तो भारतातही परवान्याने बनू लागला.

मावसभावाने तो मुंबईहून आमच्या नंदुरबारच्या घरी आणला आणि कोरी समजून अब्बांनी गायलेल्या कव्वालीच्या कॅसेटवर खेळ उतरवला. अब्बा एवढेच म्हणाले, “पोरं खेळली ना?”

ती कॅसेट मी जपली आहे. लावली की किरकिर ऐकू येते.