ताटातले मांस आणि माणसाची प्रतिष्ठा

१/४
वडवणी ज्या मराठवाड्यात आहे, तेथील गावगाड्यात मेलेली जनावरे ओढण्याचे काम महारांवर लादलेले होते. त्यांचे मांस हाच अनेकदा मोबदला. ते वाळवून ‘चान्या’ केल्या जात. दुष्काळात त्यांचाच आधार.

२/४
मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले. तो शाकाहाराचा उपदेश नव्हता. प्रश्न प्रतिष्ठेचा होता.

३/४
१९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी गोमांसभक्षणाचा संबंध अस्पृश्यतेच्या उगमाशी जोडला.

४/४
२०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी लागू झाली. त्याच वर्षी मराठवाड्यातील दलितांचा आहार नोंदवणारे शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ प्रसिद्ध झाले. ताटात काय असावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आजही मिटलेला नाही.