डॉक्टरला तास मोजून शिकावं लागतं, मग इमारत बांधणाऱ्याला का नाही?

२४ ऑगस्ट २०२०, सोमवार, संध्याकाळ. महाडच्या काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत खाली बसली. १६ माणसं गेली. ढिगाऱ्यातून एक चार वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी जिवंत निघाला, तो क्षण आपण सगळ्यांनी पाहिलाय. ती इमारत जुनीपुराणी नव्हती, दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती. पुढे गुन्हा दाखल झाला. त्यात बिल्डर होता, आर्किटेक्ट होता, आरसीसी सल्लागार होता आणि नगरपालिकेचे अधिकारीही होते.

कोण दोषी ते कोर्ट ठरवेल, त्यावर ही पोस्ट नाही. मुद्दा वेगळा आहे. त्या गुन्ह्यात नावं आलेल्यांचे हुद्दे बघा. इमारत कागदावर उभी राहते ती याच हुद्द्यांच्या सह्यांवर. सही करणाऱ्याचं ज्ञान आजचं आहे की वीस वर्षांपूर्वीचं, हे आपल्याकडे कोण तपासतं? याचा इतिहास थोडा मुळापासून बघू. तो आपल्या महाड-पोलादपूरच्या अगदी जवळून जातो.

सुरुवात रायगडापासूनच करू, कारण गड आपल्याच तालुक्यात आहे. हिरोजी इंदुलकरांनी गड बांधला आणि जगदीश्वराच्या पायरीवर आपलं नाव कोरून ठेवलं. आपण ते भक्तिभावाने वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यातून आणखी एक गोष्ट कळते. काम कुणी केलं ते दगडावर लिहिलेलं होतं. तेव्हा लायसन नव्हतं, परीक्षा नव्हती. गवंडी आणि सुतार बापाच्या, काकाच्या हाताखाली शिकत. दगड तोच, जांभा तोच, चुना तोच. पिढ्यान् पिढ्या साहित्य बदललं नाही, त्यामुळे एकदा शिकलेलं जन्मभर पुरायचं.

इंग्रजांच्या काळात हे बदललं. रस्ते, पूल, कालवे बांधायला माणसं हवी होती, म्हणून १८५४ मध्ये पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला. त्याचंच पुढे सीओईपी झालं. मुंबईत महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याने लायसनवाला सर्व्हेअर आणला. नकाशावर त्याची सही लागायची. आर्किटेक्टना मात्र देशपातळीवर कायदा मिळायला १९७२ साल उजाडलं. आणि इंजिनिअर? डॉक्टर, वकील, सीए यांच्यासारखा सगळ्या देशातल्या इंजिनिअरांची नोंदणी करणारा कायदा अजून झालेला नाही. मसुदे बरेच निघाले.

आता १९६७ कडे या. ११ डिसेंबरची पहाट, कोयनानगर. सुमारे साडेसहा रिश्टरचा भूकंप. पोलादपूरपासून सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटर, मध्ये फक्त सह्याद्री. आपल्याकडच्या जुन्या माणसांना तो हादरा अजून आठवतो. तोपर्यंत इंजिनिअरिंगच्या पुस्तकात दख्खनचं पठार म्हणजे स्थिर जमीन, इथे भूकंपाची चिंता नको, असं शिकवलं जायचं. भूकंपाच्या सरकारी नकाशात हा भाग शून्य नंबरच्या झोनमध्ये होता. कोयनेनंतर १९७० मध्ये नकाशा बदलला आणि कोयनेचा परिसर चार नंबरवर गेला.

शून्यावरून एकदम चार. विचार करा, १९६५ साली पास झालेला इंजिनिअर चाळीस वर्षं सह्या करणार. त्याचं पुस्तक पाच वर्षांत रद्द झालं. हे त्याला कळवणं कुणाचं काम? कायद्याने कुणाचंच नव्हतं. ज्याला आवड होती त्याने नवं पुस्तक विकत घेतलं. बाकीच्यांचं काम जुन्या पुस्तकावर चालू राहिलं.

पुढेही तेच झालं. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. ती जमीन नकाशात एक नंबरच्या, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होती. हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. २००२ मध्ये नकाशा पुन्हा बदलला, एक नंबरचा झोनच काढून टाकला. त्याच्या आदल्या वर्षी, २६ जानेवारी २००१ ला भूज झालं. तिथून दोनशेहून जास्त किलोमीटरवर असलेल्या अहमदाबादेत नव्या कोऱ्या अपार्टमेंट पडल्या. खाली पार्किंगसाठी मोकळे कॉलम आणि वर भरलेले मजले, अशा इमारतींना जास्त फटका बसला. आपल्याकडे आज पूर येतो म्हणून खाली पार्किंग सोडून बांधतात, तीच रचना. पुराला ती बरी, पण कॉलमचं डिझाइन त्या हिशेबाने केलेलं नसेल तर भूकंपाला ती कच्ची.

भूजनंतर केंद्र सरकारला जाग आली. गृहमंत्रालयाने इंजिनिअर आणि आर्किटेक्ट यांना भूकंपाचं प्रशिक्षण देण्याचे दोन राष्ट्रीय कार्यक्रम आखले, दोन्हींचं लक्ष्य दहा-दहा हजारांचं. प्रा. आनंद स्वरूप आर्य यांच्या समितीने २००४ मध्ये बांधकाम नियमावली कशी असावी, कुणाची नोंदणी कशी करावी, याचा नमुनाच दिला. गुजरातने २००६ मध्ये सिव्हिल इंजिनिअरांसाठी स्वतःचा कायदा केला. महाराष्ट्राकडे कोयना होती, किल्लारी होती, तरी असा कायदा झाला नाही. प्रशिक्षणाला ज्याला जायचं तो गेला. गेला नाही म्हणून कुणाचं लायसन अडलं नाही.

तुम्ही म्हणाल, भूकंप रोज होत नाही. बरोबर. मग साध्या काँक्रीटचं बघा. कुठल्याही साइटवर मिस्त्रीला माल विचारा, तो सांगेल एक-दोन-चार. एक सिमेंट, दोन वाळू, चार खडी. हे प्रमाण साधारण एम १५ दर्जाचं. १९७८ च्या मानकात आरसीसीला ते चालत होतं. २००० साली मानक बदललं आणि आरसीसीला किमान एम २० लागेल असं ठरलं, म्हणजे ढोबळमानाने एक-दीड-तीन. हवा दमट असेल, पाणी लागत असेल तर त्याहून वरचा दर्जा आणि सळईवर जास्त कव्हर. आपल्याकडे पाऊस किती ते मी सांगायला नको. एक-दोन-चार मात्र तोंडातून गेलेलं नाही.

वाळूचंही तेच. खाडीची वाळू कमी झाली, क्रश सँड आली. २०१६ च्या मानकाने ती मान्य केली. पण तिच्यात बारीक भुकटी किती असावी, पाणी किती लागतं, हे वेगळं शिकावं लागतं. नाहीतर मिस्त्री माल सुटत नाही म्हणून बादलीभर पाणी वाढवतो आणि काँक्रीटची ताकद तिथेच जाते. कॉलमच्या रिंगचा हूक काटकोनात न वळवता आणखी आत वळवायचा, जोडाजवळ रिंगा दाट टाकायच्या, हे भूकंपाच्या मानकात १९९३ पासून आहे. साइटवर जाऊन रिंगा बघा, मग बोलू.

दुसरी बाजू पाहणीची. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी कमानीचा पूल वाहून गेला. दोन एसटी आणि इतर वाहनं नदीत गेली, जवळपास चाळीस माणसं गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि पूल वाहतुकीला योग्य ठरला होता, असं सरकारनेच तेव्हा सांगितलं. पाहणी झाली नाही असं नाही, झाली होती. पण पायाखालची माती प्रवाहाने किती खाल्ली हे वर उभं राहून डोळ्याला दिसत नाही. त्याचं वेगळं तंत्र आहे, आणि ते शिकलेला माणूस लागतो. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये सुरू झाला, त्याचं कौतुक झालं. पण जुने पूल तपासायला नव्याने किती जण शिकले, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

तिसरी बाजू डोंगराची. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते, आणि पोलादपुरात कोतवाल. जुलै २०२१ मध्ये तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडी. एकट्या तळियेत ऐंशीहून जास्त माणसं. दरड निसर्गाने पडते हे मान्य. पण उतार किती कापायचा, पाण्याला वाट कुठून द्यायची, भिंतीत पाणी निघायला भोकं किती ठेवायची, हे बांधकामवाल्याचं शास्त्र आहे. वीस वर्षांपूर्वीच्या डिप्लोमाला दरडीचा धडा किती होता, ते आपल्या ओळखीच्या इंजिनिअरला विचारून बघा.

आता आजचा नियम. डिसेंबर २०२० पासून राज्यात एकत्रित बांधकाम नियमावली आहे. ती महाड नगरपरिषदेलाही आहे आणि पोलादपूर नगरपंचायतीलाही. तिच्यात इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर, सुपरवायझर यांची पात्रता आणि अनुभव लिहिलेला आहे. आत यायचा दरवाजा चांगला आहे. आत आल्यावर मात्र लायसनच्या नूतनीकरणाला अर्ज आणि फी पुरते. मधल्या काळात काय शिकलात, हे कुणी विचारत नाही. आर्किटेक्टच्या १९७२ च्या कायद्यातही नूतनीकरण म्हणजे फी. आणि मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की हा कायदा ‘आर्किटेक्ट’ ही पदवी लावण्यावर बंधन घालतो, ते काम करण्यावर नाही.

शिवाय जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा जो नियम महापालिकांच्या कायद्यात आहे, तो ३० वर्षांनंतर लागतो. तारिक गार्डनसारख्या इमारतीला असला नियम वाचवूच शकत नव्हता. नव्या इमारतीत राहणाऱ्याला एकच आधार असतो, बांधताना सही केलेल्या माणसाचं ज्ञान आणि त्याचा प्रामाणिकपणा.

दुसरीकडे काय आहे बघा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे डॉक्टरला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट दाखवावे लागतात. आपल्या एमआयडीसीत केमिकलचा टँकर घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरलाही धोकादायक मालाचं लायसन चालू ठेवायला पुन्हा प्रशिक्षणाला बसावं लागतं. एका टँकरसाठी हा नियम, पण पन्नास कुटुंबं ज्या स्लॅबखाली झोपतात त्याच्यासाठी नाही.

जपानने हा धडा घेतला. २००५ मध्ये तिथे एका आर्किटेक्टने भूकंपाची गणितं खोटी करून इमारती मंजूर करून घेतल्याचं उघड झालं. कायदा बदलला, आणि २००८ पासून आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करणाऱ्या लायसनधारकांना दर तीन वर्षांनी ठरलेलं प्रशिक्षण सक्तीचं झालं. स्ट्रक्चरच्या कामासाठी वरची वेगळी पात्रता आली. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांतही इंजिनिअरचं लायसन चालू ठेवायला शिकण्याचे तास भरावे लागतात.

यावर आपले काही इंजिनिअर मित्र म्हणतील, हा अजून एक सर्टिफिकेटचा धंदा होईल. सही करून चहा पिऊन यायचं. ही भीती खोटी नाही, डॉक्टरांच्या बाबतीतही अशी कुजबुज असते. दुसरं म्हणतील, ज्याला सिमेंट चोरायचंय त्याला वर्गात बसवून काय उपयोग? तेही खरं. चोराला धडा वर्गात मिळत नाही, त्याला पोलीस आणि कोर्ट लागतं. पण आपल्या गावातले बहुतेक इंजिनिअर चोर नाहीत. ते कामात बुडालेले आहेत, एका वेळी दहा साइट बघतात, आणि मानक बदललं हे त्यांना सिमेंट कंपनीच्या मेळाव्यात कळतं. वर्ग हवा तो त्यांच्यासाठी. आणि एकदा शिकवल्याची नोंद राहिली की उद्या ‘मला माहीत नव्हतं’ ही पळवाट बंद होते.

त्यासाठी मुंबईला जायचीही गरज नाही. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, महाडपासून हाकेच्या अंतरावर, त्याच हायवेवर. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन दिवसांचं प्रशिक्षण. काँक्रीट, भूकंप, उतार आणि पूर, चार विषय. शेवटी साधी परीक्षा. मिस्त्री आणि सेंट्रिंगवाल्यांसाठी मराठी-हिंदीत वेगळा दिवस, त्यांचा रोज बुडणार म्हणून भत्ता देऊन. नगरपरिषद, नगरपंचायत आणि इंजिनिअरांच्या संघटनेने ठरवलं तर राज्याच्या कायद्याची वाट न बघता हे स्वेच्छेने सुरू होऊ शकतं. सक्ती मात्र सरकारलाच करावी लागेल. त्यासाठी आमदार-खासदारांकडे मागणी आपण करायची.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. बांधकामाच्या जागी मालक, आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर यांच्या नावाचा बोर्ड लावायचा नियम आहे. फ्लॅट बुक करायला जाल तेव्हा टाइल्स आणि मॉड्युलर किचन नंतर बघा, आधी बोर्ड बघा. स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण ते विचारा. त्याचं लायसन चालू आहे का, ते नगरपरिषदेत अर्ज करून विचारा. आणि काँक्रीट कुठल्या दर्जाचं टाकताय, हेही विचारा. उत्तर ‘एक-दोन-चार’ असं आलं, तर काय समजायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.