पांढरं पातळ

आत्याच्या नोकरीची गोष्ट निघाली की आजी सुरुवात बहात्तरच्या दुष्काळापासून करायची. मन्याड नदी आटली होती. कंधारच्या आसपासच्या बायाबापड्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या, लेकरं सुकडीवर जगवायच्या. "ज्या मायच्या हाताला फोडं आले, ती लेकीला कामून अडवील?" असं ती आम्हाला विचारायची.

आत्या सातवी पास होती. तेव्हा सहायक परिचारिकेच्या, म्हणजे एएनएमच्या दोन वर्षांच्या शिक्षणाला तेवढं पुरायचं. नांदेडला राहायचं, दरमहा विद्यावेतन मिळायचं. आजोबा तयार झाले, भावकी मात्र बिथरली. परक्याचं हगणं-मुतणं काढायचं, वर रात्रपाळी. पोरीला सोयरिक कोण करणार? आजीला खटकलं ते वेगळंच. लग्नाआधीच पोरीच्या अंगावर नर्सचं पांढरं पातळ. आमच्याकडे ते विधवेचं वस्त्र. आत्या निघाली त्या दिवशी आजीनं तिच्या हातात ठसठशीत हिरव्या बांगड्या भरल्या. ड्यूटीवर त्या उतरवाव्या लागत, ही गोष्ट आत्यानं आजीला फार उशिरा सांगितली.

तरीही आजीनं होकार दिला, त्याचं कारण जुनं होतं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आमचा तालुका निजामाच्या राज्यात होता. मोठा दवाखाना म्हणजे हैदराबाद, आणि तिथवर अडलेली बाळंतीण कोण नेणार? १९४६ च्या भोर समितीनं देशाच्या आरोग्याचा हिशेब मांडला, तेव्हा साधारण ४३ हजार माणसांमागे एक नर्स भरली. गावात सगळी भिस्त सुईणीवर. ती मायेची, अनुभवी. पण नाळ कापायची विळ्यानं आणि वर राख लावायची. आजीचं पहिलं लेकरू आठवडाभरात आखडून गेलं. बाहेरची बाधा, असं सगळे म्हणाले. तो धनुर्वात होता, हे आजीला पुढे लेकीनंच समजावून सांगितलं.

आत्याची नेमणूक जिल्हा परिषदेच्या उपकेंद्रात झाली. तिच्या कामातलं मला लख्ख आठवतं ते स्टोव्हवरचं भांडं. काचेची सिरिंज आणि सुया त्यात उकळत असायच्या, आत्या घड्याळाकडे बघत बसायची. बाहेर कितीही ओरडा झाला तरी वेळ पुरी झाल्याशिवाय चिमटा उचलायची नाही. गरोदर बाईला धनुर्वाताचं इंजेक्शन, नाळेला उकळलेला दोरा, नवं ब्लेड. सुईणीशी ती भांडली नाही. तिला शेजारी बसवून हात धुवायला शिकवलं. रात्रपाळीवरून नाकं मुरडणारी भावकी पुढे रात्री-बेरात्री कंदील घेऊन दारात उभी राहू लागली. "सिस्टर, चला" म्हणताना कुणाला पांढरं पातळ दिसलं नाही.

आता वाट बदलली आहे. एएनएमलाही बारावी लागते. जीएनएम ही नर्सिंगची पदविका तीन वर्षांची, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. परीक्षा पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय कामाला हात लावता येत नाही. नांदेड-लातूरला खासगी कॉलेजं झाली. आत्याला शिकताना पैसे मिळायचे. आजच्या पोरीचा बाप फीसाठी कर्ज काढतो. पुढे सरकारी भरतीची जाहिरात कधी निघेल त्याची वाट बघायची, तोवर पुण्या-मुंबईच्या खासगी दवाखान्यात राबायचं, नाहीतर अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर गावं सांभाळायची.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. लेकीला नर्स करायची की नाही, हा प्रश्न आमच्या घरांनी पन्नास वर्षांपूर्वी सोडवला. लाज सोडली, पोटाला चिमटा घेतला, पोरी पाठवल्या. तीस वर्षं आत्यानं एकच मोठा परिसर सांभाळला, कारण तिची नोकरी कायम होती. कोणत्या घरात कोण गरोदर आहे, हे तिला तोंडपाठ असायचं. असा भरवसा दर अकरा महिन्यांनी नव्यानं उभा राहत नाही. उपकेंद्राच्या इमारती बांधल्या, आता तिथल्या सिस्टरला कायमची जागा आणि रास्त पगार द्या. कंधारच्या आयांनी आपला वाटा केव्हाच उचलला आहे.