विमुक्त जाती आणि स्वातंत्र्याचा अर्थ

स्वातंत्र्याची चर्चा बहुधा सत्तांतराच्या संदर्भात होते. परंतु १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली भरडल्या गेलेल्या समूहांच्या बाबतीत तो संदर्भ अपुरा पडतो. १९११ मध्ये या कायद्याची कक्षा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानापर्यंत वाढविण्यात आली. नोंदलेल्या इसमास ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे, मुक्काम हलविताना वर्दी द्यावी लागे. कित्येक कुटुंबे सोलापुरासारख्या ठिकाणी सेटलमेंटमध्ये डांबली गेली व तेथील गिरण्यांत राबली. मात्र सर्वांत विलक्षण तरतूद निराळीच होती. जमातीस गुन्हेगार ठरविणाऱ्या अधिसूचनेची वैधता कोणत्याही न्यायालयास तपासता येत नसे. प्रत्यक्ष चोरी करणाऱ्यास खटल्यात बचाव करता येई; जमातीस तेवढीही सवलत नव्हती!

मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये, तर देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. ‘विमुक्त’ हे अभिधान त्यातूनच आले. पुढे १९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्याने संशयाचा आधार जन्मावरून व्यक्तीच्या सिद्ध अपराधांवर आणला. हा भेद क्षुल्लक नव्हे; किंबहुना कायद्यापुरते खरे स्वातंत्र्य तेच होय. तथापि हजेरीची वही मिटली, तरी गावाबाहेर पाल पडताच चौकशीस शिपाई येतच राहिला.