विमानातील हायड्रॉलिक बिघाड

उड्डाणात असताना विमानाच्या द्रवदाब यंत्रणेतील तेल गळणे किंवा दाब उतरणे, आणि त्या वेळी विमानकर्मचाऱ्यांनी करावयाची कार्यवाही. ट्रॅक्टरमागचा नांगर उचलणारी, ट्रॉली उलटवणारी हायड्रॉलिक आणि जेट विमानाची चाके, फ्लॅप व ब्रेक चालवणारी यंत्रणा यांचे तत्त्व एकच आहे. विमानात दाब मात्र सामान्यतः दर चौरस इंचाला ३,००० पौंड असतो.

रचना : एक यंत्रणा गेली तरी विमान ताब्यात राहावे म्हणून ती दुहेरी-तिहेरी ठेवतात. बोइंग ७३७ मध्ये ‘ए’, ‘बी’ व राखीव; एअरबस ए-३२० मध्ये हिरवी, निळी व पिवळी; एटीआर-७२ मध्ये निळी व हिरवी. ७३७ ची ‘ए’ गेली तर चाके नेहमीच्या खटक्याने खाली येत नाहीत. सहवैमानिकाच्या आसनामागे कॉकपिटच्या तळातील झाकण उघडून तीन मुठी ओढाव्या लागतात, आणि चाके स्वतःच्या वजनाने उतरतात. मग ती पुन्हा वर घेता येत नाहीत. जमिनीवर पंखांवरील काही स्पॉयलर उभे राहत नाहीत, त्यामुळे थांबायला अंतर जास्त लागते. हवेतला हा बिघाड शेवटी धावपट्टीच्या लांबीचा प्रश्न होतो, तो असा.

कार्यवाही : आधी विमान सांभाळायचे, मग दिशा, मग नियंत्रण कक्षाशी बोलणे, हा क्रम. एक वैमानिक विमान उडवतो, दुसरा तपासणी यादी मोठ्याने वाचतो. कोणताही खटका दोघांची खात्री झाल्याशिवाय हलवायचा नाही. घाई येथे घातक ठरते.

तिरुचिरापल्ली, २०२४ : मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास शारजाला निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या ७३७ मध्ये उड्डाणानंतर लगेच हायड्रॉलिक बिघाड आढळला. बहुतेक वृत्तांत प्रवासी १४१ दिले आहेत. कॅप्टन इक्रोम रिफादली फाहमी झैनल यांच्या शेजारी पुण्याच्या मैत्रेयी श्रीकृष्ण शितोळे सहवैमानिक होत्या. ७३७ ला हवेत इंधन सोडून देण्याची सोय नाही आणि भरल्या टाक्यांनिशी उतरणे ब्रेकना जड जाते. म्हणून सुमारे अडीच तास ठरवून दिलेल्या भागात घिरट्या घालून इंधन जाळण्यात आले. खाली अग्निशमन गाड्या व वीसहून अधिक रुग्णवाहिका उभ्या होत्या. दूरचित्रवाणीवर ‘पोटावर उतरणार’ अशी चर्चा चालू होती. प्रत्यक्षात चाके खाली होती आणि सव्वाआठच्या सुमारास विमान नेहमीसारखे उतरले. कोणालाही इजा झाली नाही. विमानतळाने पूर्ण आणीबाणी जाहीर केली होती. वैमानिकांनी तशी घोषणा केली नव्हती, असे कंपनीचे म्हणणे. देशभर कौतुक प्रामुख्याने कॅप्टनचे झाले. यादी वाचणारा आणि पडताळणारा दुसरा आवाज तितकाच मोलाचा असतो, म्हणून शितोळे यांचे नाव येथे मुद्दाम नोंदवले आहे.

अन्यत्र : सर्व यंत्रणा एकदम गेल्याच्या घटना विरळ. जपान एअरलाइन्स १२३ (१२ ऑगस्ट १९८५) मध्ये ५२४ पैकी ५२० जणांचा मृत्यू झाला. युनायटेड २३२ (१९ जुलै १९८९, सू सिटी) केवळ इंजिनांचा जोर कमी-जास्त करून धावपट्टीपर्यंत आणले गेले. २९६ पैकी १८४ जण वाचले. बगदाद येथे २२ नोव्हेंबर २००३ रोजी क्षेपणास्त्र लागलेले मालवाहू ए-३०० याच रीतीने उतरवण्यात आले.

केबिन कर्मचारी : बिघाडाचे स्वरूप, कॅप्टनचा बेत, हाती असलेला वेळ व विशेष सूचना, एवढ्या माहितीवर ते प्रवाशांची तयारी करून घेतात.

अहिल्यानगर जिल्हा : धावपट्टीच्या लांबीचा वर आलेला प्रश्न येथेही लागू पडतो. जिल्ह्यातील विमानतळ शिर्डीचा, प्रत्यक्षात काकडी गावी; उद्घाटन १ ऑक्टोबर २०१७. तेव्हाची धावपट्टी २,५०० मीटर, म्हणजे तिरुचिरापल्लीच्या सुमारे २,४८० मीटरच्या बरोबरीची. २९ एप्रिल २०१९ रोजी दिल्लीहून आलेले स्पाइसजेटचे ७३७ येथे उतरताना धावपट्टीच्या टोकापलीकडे गेले होते. ही नोंद केवळ लांबीच्या संदर्भात घेतली आहे. मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे ३,४५० मीटर आहे. शिर्डीहून निघाल्यावर ब्रेक किंवा स्पॉयलर गमावलेल्या विमानाने परत काकडीला उतरायचे की मुंबई गाठायची, हे विमानाचे वजन, धावपट्टीचा ओलावा आणि वारा पाहून कॅप्टन ठरवतो.