मनीचा तह

एडवणच्या किनाऱ्यावर बोंबील सुकत घातले, की राखणीला माणूस बसवावा लागतो. मांजर त्याच्याकडे असं पाहतं, की उपरा जणू तोच! दावा तसा जुना आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडल्याचं २००४ साली जाहीर झालं. माणसाने धान्य साठवलं, उंदीर आले, त्यांच्यामागून मांजर आलं. खातं उघडताना आम्ही मागतो तशी कागदपत्रं कोणी मागितली नाहीत.

पण त्याचा पूर्वज, आफ्रिकेतलं रानमांजर, एकट्याने हद्द राखणारा. म्हणून घरात दोन पिल्लं आली, तेव्हा आमच्या म्हाताऱ्या मनीला ती नातवंडं वाटली नाहीत, स्वारी वाटली. पोर्तुगीजांनी १५३४ साली मिळवलेली वसई १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतली. २०५ वर्षांचा मुक्काम कोण हसत सोडतो?

तेव्हा तह सावकाश करावा. पिल्लं वेगळ्या खोलीत ठेवावीत. त्यांच्या अंगावरून फिरवलेलं फडकं मनीपाशी, तिचं त्यांच्यापाशी; मांजराची ओळख नाकाने पटते, सहीने नव्हे. मग बंद दाराच्या दोन्ही अंगांना जेवण, आणि नंतर थोडी थोडी भेट. घाई केली तर म्हातारी अन्नपाणीही टाकू शकते.

तीन आठवड्यांनी मनीने एका पिल्लाचं डोकं चाटलं. खिडकीतली जागा मात्र तिचीच. ज्येष्ठता यादी पिल्लांना कळली. बँकेतल्या नव्या भरतीला वर्ष लागतं.