शिरीषाची साल आणि पांढरे उंदीर

खानदेशातल्या माणसाला शिरीषाची ओळख करून द्यायला नको. जळगाव-धुळ्याकडे उन्हाळ्यात त्याच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतात. चरकसंहितेने विषावरच्या औषधांत शिरीषाला पहिला मान दिला आहे. दम्यावरही वैद्य त्याची साल वापरत आले. या सालीची आधुनिक परीक्षा कशी झाली, ती हकिगत मला आज सांगायची आहे.

एखाद्याला धुळीचे वावडे असते. धूळ नाकात गेली, की काही मिनिटांत शिंका, खाज, धाप सुरू होते. शरीरातल्या मास्ट पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य बाहेर टाकतात, त्याचा हा प्रताप. 1937 साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनियल बोवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिस्टामिनला अडवणारे द्रव्य शोधले. हिस्टामिनच्या मारक मात्रेतूनही गिनीपिग वाचले!

पण सांडलेले हिस्टामिन अडवणे वेगळे आणि ते सांडूच न देणे वेगळे. हे दुसरे काम क्रोमोग्लायकेटने केले. ब्रिटनमधले डॉ. रॉजर अल्टूनयन स्वतः दमेकरी. खेल्ला या वनस्पतीतल्या द्रव्यावरून बनवलेली संयुगे ते आधी स्वतः घेत. मग गिनीपिगच्या केसांचा अर्क श्वासात ओढून मुद्दाम दमा उठवत. 1967 साली या औषधाची माहिती 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली.

आता आपला शिरीष. काशी हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांचा प्रयोग 1979 साली प्रसिद्ध झाला. पांढऱ्या उंदरांमध्ये घोड्याच्या रक्तद्रवाचे वावडे निर्माण करताना त्यांना सालीचा काढा दिला. नंतर त्यांच्या पोटातल्या मास्ट पेशींची त्याच रक्तद्रवाशी गाठ घातली. काढा मिळालेल्या उंदरांच्या पेशी कमी फुटल्या. परिणाम क्रोमोग्लायकेटसारखाच होता. शिवाय वावडे निर्माण करणारी प्रतिद्रव्येही कमी झाल्याचे दिसले.

मग दम्याचा प्रश्न सुटला का? नाही. उंदरांत क्रोमोग्लायकेटपेक्षा जोरदार ठरलेली कितीतरी द्रव्ये पुढे माणसाच्या दम्यात फिकी पडली. उंदीर वाट दाखवतो, मुक्कामाची हमी देत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच. शिरीषाचा अभिमान जरूर बाळगावा, त्यावर आणखी संशोधनही व्हावे. पण डॉक्टरांनी दिलेला फवारा बंद करून कोणी घरी साल उकळत बसू नये. धाप लागलेल्या माणसाला थांबायला वेळ नसतो.